धूर मालकाचा की शहराचा? घरच्या गॅरेजात बदलल्या गेलेल्या एक्झॉस्टची शंभर वर्षे (थ्रेड)

१/
सुट्टीची दुपार. मोटार चार स्टँडवर उचलून ठेवलेली आणि तिच्याखाली पाठीवर पडलेला मालक. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री सोडलेले तेल, हाताशी पाने, शेजारी फरशीवर कागदात गुंडाळलेली नवी एक्झॉस्ट नळी. कॅलिफोर्नियापासून तुरीनपर्यंत गेल्या पाऊणशे वर्षांत हे दृश्य इतक्या घरांत घडले आहे की त्यात इतिहास दडलेला असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. तो आहे, आणि तो एका प्रश्नाभोवती फिरतो. मोटार मालकाची, यात वाद नाही. परंतु तिच्यातून बाहेर पडणारा आवाज आणि धूर कोणाचा?

२/
मोटारीचे एवढे भाग असताना हौशी मालकाचा हात प्रथम एक्झॉस्टकडेच का जातो? कारण साधे आहे. इंजिन उघडायचे तर लेथ हवा, मोजमापाची अवजारे हवीत, अनुभव हवा. एक्झॉस्ट मात्र इंजिनाच्या बाहेर, गाडीच्या पोटाखाली, काही बोल्ट आणि रबरी लटकणींवर टांगलेला असतो. चार पाने आणि एक दुपार एवढ्या भांडवलावर तो बदलता येतो. शिवाय केलेल्या कामाचे फळ किल्ली फिरवताच ऐकू येते. मालकाच्या हाताला सर्वांत जवळचा असलेला हा भाग शेजाऱ्याच्या कानालाही तितकाच जवळचा आहे. पुढचा सगळा वाद या जवळिकीतून जन्मला.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. सिलिंडरमध्ये इंधन जळते, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि मग एक्झॉस्ट झडप उघडताच तप्त वायू दाबाने बाहेर झेपावतो. हा प्रवाह सलग नसतो, ती ठोक्यांची मालिका असते. चार सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठोके नळीत शिरतात. मोटारीचा आवाज म्हणजे प्रामुख्याने हेच ठोके. सायलेन्सरचे काम त्यांची धार बोथट करण्याचे. त्यात वायूची वाट थोडी अडते, आणि अडलेला वायू बाहेर लोटण्यासाठी इंजिनाला आपलीच थोडी शक्ती खर्च करावी लागते.

४/
सायलेन्सरचा जन्म मोटारीइतकाच जुना. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्ज या बंधूंना १८९७ मध्ये इंजिनाच्या एक्झॉस्ट-मफलरचे पेटंट मिळाले. रस्त्यावर तेव्हा घोड्यांचे राज्य होते. धडधडणाऱ्या गाडीने घोडे बुजणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणजे एक्झॉस्टचा आवाज दाबण्याची गरज मोटार चालवणाऱ्याला फारशी नव्हतीच. ती होती रस्त्यावरच्या इतरांना. ही विभागणी ध्यानात ठेवावी, कारण पुढे शंभर वर्षे ती बदललेली नाही.

५/
चालकाच्या सोयीचा उपायही लगोलग निघाला. त्याचे नाव ‘कटआउट’. सायलेन्सरच्या अलीकडे नळीला एक झडप बसवायची आणि ती पायाने किंवा तारेने उघडायची, की वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर. चढावर थोडी अधिक शक्ती मिळे. सपाट रस्त्यावर नुसता रुबाब. मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात हे कटआउट सर्रास विकले जात. कारखान्याने दिलेली शांतता मालकाने स्वतःच्या मर्जीने मोडावी, या कल्पनेचा हा पहिला अवतार. अमेरिकेतील अनेक शहरांनी लवकरच कटआउट उघडे ठेवून गाडी चालवण्यावर बंदी घातली.

६/
त्या काळी आवाजाविरुद्ध संघटित आवाजही उठू लागला होता. न्यूयॉर्कमध्ये ज्युलिया बार्नेट राइस या वैद्यकशास्त्र शिकलेल्या बाईंनी १९०६ मध्ये अनावश्यक गोंगाट रोखण्यासाठी संस्था स्थापन केली. त्यांचा पहिला रोख हडसन नदीतल्या बोटींच्या अखंड शिट्ट्यांवर होता, आणि त्यांचा युक्तिवाद रुग्णालयांतील आजाऱ्यांच्या झोपेचा होता. १९२९ मध्ये त्याच शहराने गोंगाटाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्याने रस्त्यारस्त्यावर यंत्राने आवाज मोजला. तोवर तक्रारींत मोटारींनी मानाचे स्थान पटकावले होते. गोंगाट ही आता केवळ असभ्यता राहिली नव्हती. ती मोजता येणारी बाब झाली होती.

७/
आवाज ऐकू तरी येतो. नळीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करणारी माणसे मरत होती. येल विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन आणि त्यांचे सहकारी हॉवर्ड हॅगर्ड यांनी १९२०च्या दशकात रस्त्यांवरील आणि गॅरेजांतील या विषाचा अभ्यास केला. न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यात किती ताजी हवा खेळवावी लागेल, हे ठरवण्यातही त्यांचे संशोधन कामी आले. मोटारीची नळी मागे जमिनीलगत न ठेवता उभी करून छताच्या वर न्यावी, अशी सूचना हेंडरसन यांनी केली होती. ती कोणी ऐकली नाही.

८/
घरगुती एक्झॉस्ट-बदलाला खरी चालना दिली ती एका स्वस्त इंजिनाने. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले. २२१ घन इंच आकार, ६५ अश्वशक्ती, आणि सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत ५०० डॉलरांच्या आत. या इंजिनाची एक खोड होती. झडपा ब्लॉकच्या आतल्या अंगाला असल्याने तप्त वायू ब्लॉकमधूनच वाट काढत बाहेरच्या बाजूला येई. प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेर पडायला तीनच दारे. मधल्या दोघांना एकच सामाईक. त्यामुळे इंजिन तापे आणि वायू कोंडे. सुधारणेला वाव कुठे आहे, हे हौशी पोरांना हाताने चाचपूनही कळत होते.

९/
दक्षिण कॅलिफोर्नियात या पोरांना मैदानही मिळाले. मोहावे वाळवंटातील म्युरॉकसारखी कोरडी सरोवरे म्हणजे मैलोन्‌मैल सपाट, कठीण माती. जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढायचे, काच उतरवायची, नळी मोकळी करायची आणि घड्याळाशी शर्यत लावायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. मग महायुद्ध आले. विमानांची इंजिने, जीप, रणगाडे दुरुस्त करून हात बसलेले हजारो तरुण १९४५ नंतर घरी परतले. त्यांच्याजवळ कसब होते, थोडा पैसा होता, आणि नव्या उपनगरांतल्या घरांना जोडलेली गॅरेजे होती.

१०/
जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू केले. त्याचे महत्त्व गाड्यांच्या छायाचित्रांपुरते नाही. गल्लीतल्या एखाद्या कुशल मिस्तरीपाशी असलेले ज्ञान अशा मासिकांनी छापील केले. कोणता नट आधी सोडायचा, कोणती नळी किती लांब ठेवायची, हे वाळवंटापासून हजार मैलांवरच्या खेड्यातला मुलगाही वाचू लागला. जाहिरातींतून सुटे भाग टपालाने घरी येऊ लागले. ‘आफ्टरमार्केट’ म्हणजे मोटार विकली गेल्यानंतरचा बाजार. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलेला हा उद्योग माहिती आणि टपाल या दोन चाकांवर धावला.

११/
या बाजारातील सर्वांत बुद्धिमान वस्तू म्हणजे ‘हेडर’. कारखान्याच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचे वायू एका आखूड पेटीत येऊन आदळत. हेडरमध्ये प्रत्येक दाराला स्वतंत्र पोलादी नळी असते आणि त्या पुढे जाऊन एकत्र मिळतात. वायूचा एक ठोका नळीतून वेगाने निघून गेला की त्याच्यामागे क्षणभर कमी दाबाची पोकळी राहते. नळ्यांची लांबी नेमकी जुळवली, तर ही पोकळी पुढच्या सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. इंजिनाला हात न लावता त्याचा श्वास मोकळा होतो.

१२/
इथेच एका चिवट गैरसमजाचे मूळ सापडते. ‘इंजिनाला थोडा मागचा दाब हवाच असतो’ असे गॅरेजांत आजही ऐकू येते. निरीक्षण खरे, निष्कर्ष चुकीचा. फार रुंद नळी बसवली की कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते, हे खरे आहे. पण त्याचे कारण दाब कमी झाला हे नव्हे. रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की मागची ओढ जाते. म्हणून एक्झॉस्टच्या सुधारणेत ‘जितके मोठे तितके चांगले’ हा हिशेब चालत नाही. हजारो मालकांनी पदरचे पैसे खर्चून हा धडा घेतला.

१३/
सायलेन्सरातही दोन घराणी आहेत. कारखान्याच्या सायलेन्सरात वायूला कप्प्याकप्प्यांतून वळसे घ्यावे लागतात. आवाज फार कमी होतो, वाटही अडते. हौशींनी उचलला तो सरळ प्रकार, ‘ग्लासपॅक’. आत भोके पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती काचतंतूंची भरण, वर पत्र्याचे कवच. वायू सरळ निघून जातो; आवाजाची तीक्ष्ण धार तेवढी काचतंतू शोषून घेतात. त्यातून येणारा खर्जातला घुमारा ही एका पिढीची ओळख बनली. तंतू मात्र उष्णतेने हळूहळू जळून, उडून जात. त्यामुळे गाडी जुनी होई तसा तिचा आवाज चढत जाई, आणि शेजाऱ्यांचा पाराही.

१४/
घरी बसवण्याच्या कामाची शिस्त या काळातच घडली आणि फारशी बदललेली नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचे नाही. भक्कम स्टँड द्यायचे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. गंजलेला नट ताकदीने पिळला की स्टड तुटतो, म्हणून तेल आणि संयम. नवी नळी पुढून मागे सैल जोडत जायची, सगळे एका रेषेत आले की मगच आवळायचे. तापल्यावर लोखंड वाढते, तेव्हा बॉडी आणि नळी यांत अंतर राखायचे. जोडावर नवी गॅस्केट घालायची आणि गाडी उघड्यावर सुरू करून गळती तपासायची. या शेवटच्या नियमामागे हेंडरसन यांनी नोंदवलेल्या मृत्यूंची शिकवण होती.

१५/
अमेरिकेत ही लाट उठत असताना युद्धाने पोळलेल्या युरोपात तिला वेगळे रूप मिळाले, आणि ते एका माणसाशी जोडलेले आहे. कार्ल आबार्ट यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात झाला. ते मोटारसायकल शर्यतपटू होते. १९३४ मध्ये साइडकारवरून त्यांनी चक्क ओरिएंट एक्स्प्रेसशी शर्यत लावून ती जिंकली. पुढे एका गंभीर अपघाताने शर्यती सुटल्या, युद्धकाळ लुब्लियानात गेला. युद्धानंतर ते इटलीत स्थायिक झाले, कार्लचे ‘कार्लो’ झाले, आणि चिसिटालिया या तुरीनच्या शर्यती गाड्यांच्या कंपनीत त्यांनी काम धरले. ती कंपनी आर्थिक अडचणीत बुडाली. १९४९ मध्ये आबार्ट यांनी स्वतःची कंपनी काढली. चिन्ह निवडले विंचू, स्वतःच्या वृश्चिक राशीवरून.

१६/
शर्यतींतून नाव मिळते, पगार निघत नाहीत. युद्धोत्तर इटलीत माणसे स्कूटरवर होती, आणि गाडी घेणाऱ्याच्या नशिबी बहुधा फियाटची छोटी ‘टोपोलिनो’ असे. ५६९ सीसी आणि जेमतेम १३ अश्वशक्तीची. स्पोर्ट्स कार परवडत नाही, पण तिची हौस मात्र आहे, असा हा गिऱ्हाईक. आबार्ट यांनी त्याला एक्झॉस्ट विकला. इटालियन भाषेत सायलेन्सरला ‘मार्मित्ता’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ स्वयंपाकाचे मोठे पातेले. काळा रंग, चकाकती शेपटी, त्यावर विंचवाचा शिक्का. थोडी अधिक शक्ती, आणि शर्यतीच्या गाडीची आठवण करून देणारा भरदार आवाज. गरिबाच्या गाडीला स्पोर्ट्स कारचा कंठ मिळाला.

१७/
हा व्यवसाय कंपनीचा कणा ठरला. १९६०च्या दशकाच्या आरंभी वर्षाला दोन लाखांहून अधिक एक्झॉस्ट बनत आणि निम्म्याहून जास्त परदेशी जात. त्या पैशावर शर्यती आणि विक्रम उभे राहिले. फेब्रुवारी १९५८ मध्ये मोंझाच्या धावपट्टीवर आबार्टने सुधारलेली इवलीशी फियाट ५०० सात दिवस अहोरात्र धावली. १८,१८६ किलोमीटर, सरासरी ताशी १०८ किलोमीटरहून अधिक वेगाने. पुढे कंपनी सुधारणेचे सगळे भाग एकाच पेटीत घालून विकू लागली. पेटी घरी न्यावी, भाग बसवावेत, साध्या गाडीचे रूपांतर करावे. गाडी कारखान्यात पूर्ण होत नाही, ती मालकाच्या हातून पूर्ण होते, ही धारणा त्या पेटीत बंद होती.

१८/
या धारणेला धक्का बसला तो तिच्या जन्मभूमीतच. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा दाट, डोळे झोंबवणारा धुरका पसरला की काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. दोष प्रथम कारखान्यांवर गेला. कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मित यांनी १९५०च्या दशकारंभी उकल केली. इंधनातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन आणि झोंबणारा धुरका तयार होतो. हायड्रोकार्बनांचा एक मोठा उगम तेलउद्योग होता, दुसरा रस्त्यावरच्या लाखो मोटारी. ज्या शहराने घरगुती एक्झॉस्टची संस्कृती जगाला दिली, त्याच शहराने एक्झॉस्टचा अपराधही सिद्ध केला. निसर्गाने दिलेला लख्ख सूर्यप्रकाश आणि भोवतालचे डोंगर त्यात साथीदार होते.

१९/
१९७० मध्ये अमेरिकेने ‘क्लीन एअर’ कायदा कडक केला आणि १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर. त्यावरून जाताना विषारी वायूंचे बरेचसे रूपांतर निरुपद्रवी वायूंत होते. फ्रेंच अभियंता यूजीन उड्री यांनी १९५०च्या दशकातच अशी युक्ती मांडली होती, परंतु पेट्रोलमधले शिसे उत्प्रेरकाला निकामी करी. १९२०च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास ज्यांनी विरोध केला, त्यांत पुन्हा हेंडरसन होतेच. कन्व्हर्टरसाठी शिसेविरहित पेट्रोल पंपावर आणावे लागले. एका नळीने साऱ्या इंधनव्यवस्थेला वळण दिले.

२०/
गॅरेजातली प्रतिक्रिया काय झाली? सुरुवातीचे कन्व्हर्टर वायूची वाट अडवत, हे खरे होते. तेव्हा अनेकांनी ते काढून जागी सरळ नळी बसवली. काहींनी टाकीचे मुद्दाम अरुंद केलेले तोंड ठोकून रुंद केले, का तर स्वस्त शिसेयुक्त पेट्रोल भरता यावे. कायद्याची रचना इथे बोलकी आहे. १९७०च्या संघीय कायद्याने छेडछाडीची मनाई उत्पादक आणि विक्रेते यांना केली. १९७७च्या दुरुस्तीने दुरुस्तीची दुकाने कक्षेत आणली. स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या गाडीला हात लावणारा मालक संघीय मनाईखाली आला तो १९९०च्या दुरुस्तीने. काही राज्यांचे कायदे त्याआधीच होते. पण संघीय कायद्याला घराचा उंबरठा ओलांडायला वीस वर्षे लागली.

२१/
बाजाराने मात्र या सीमेशी जुळवून घेतले. आज स्पोर्ट्स कारसाठी सर्वाधिक परिचित प्रकार ‘कॅट-बॅक’ म्हणून ओळखला जातो. त्याचा अर्थच कन्व्हर्टरच्या मागचा भाग. कन्व्हर्टरपर्यंतची नळी लोकांच्या हवेशी बांधलेली, म्हणून तिला हात लावायचा नाही. त्यामागचा पाइप, सायलेन्सर आणि शेपटी यांत मालकाने आपली हौस भागवावी. अभियंत्यांनी हा बिंदू निवडलेला नाही. कायदा आणि हौस यांच्या रस्सीखेचीत दोर जिथे थांबला, तिथे ही फ्लँज आहे. दुपारी गाडीखाली झोपून तो जोड सोडणाऱ्याचा पाना एका तहाच्या रेषेवर फिरत असतो.

२२/
या तहावर पहारा ठेवायला यंत्रच नेमले गेले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नळीतील प्राणवायू मोजणारा सेन्सर आला आणि इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी राखले जाऊ लागले. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना स्वतःची तपासणी करणारी ‘ओबीडी-२’ प्रणाली अनिवार्य झाली. कन्व्हर्टरच्या पुढे एक सेन्सर, मागे दुसरा. दोघांची मोजमापे सारखीच येऊ लागली, तर कन्व्हर्टर काम करत नाही किंवा जागेवरच नाही, असा निष्कर्ष काढून गाडी समोर दिवा लावते. पूर्वी शेजारी तक्रार करी; आता मालकाची गाडीच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

२३/
हे सारे आपल्याकडे आले ते आपल्या क्रमाने. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आले, आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून गेले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. अमेरिकेने कन्व्हर्टरपाशी रेषा ओढली. आपल्या कायद्याने ती मूळ तपशिलापाशीच ओढली.

२४/
महाराष्ट्रात हा वाद स्पोर्ट्स कारपेक्षा दुचाकीवरून अधिक पेटतो. सायलेन्सरमधली पुंगळी काढलेली बुलेट रात्री गल्लीतून गेली की तान्ही मुले दचकून उठतात आणि म्हाताऱ्यांची छाती धडधडते. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. पुंगळी काढणाऱ्या तरुणाला कटआउट हा शब्द ठाऊक नसतो. तरी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी चालकाची झडप आणि त्याची पुंगळी यांत फरक फक्त आकाराचा. कारखान्याने दिलेली शांतता दोघांनी आपल्या मर्जीने मोडली. ज्युलिया राइस यांनी पुढे केलेला आजाऱ्याच्या झोपेचा मुद्दाही तसाच्या तसा उभा आहे.

२५/
मग या हौशीला निव्वळ उपद्रव म्हणून मोडीत काढावे काय? तसे केल्यास इतिहासावर अन्याय होईल. घरच्या गॅरेजाने सामान्य माणसाला यंत्र उघडायला शिकवले. वायूचे ठोके, धातूचे प्रसरण, नळीची लांबी हे विषय विद्यापीठात न गेलेल्या मुलांनी गाडीखाली पडून आत्मसात केले. त्यांतून उद्योग आणि अभियंते घडले. दुसरीकडे, हागन-स्मित यांच्या प्रयोगांनंतर ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हे वाक्य पूर्वीच्या निरागसतेने उच्चारता येत नाही, हेही खरे. नळीचे एक टोक मालकाच्या इंजिनात असते, दुसरे सर्वांच्या हवेत. कायद्याने दुसऱ्या टोकाची बाजू घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती.

२६/
शेवटी पुन्हा विंचवाकडे. आबार्ट यांनी १९७१ मध्ये आपली कंपनी फियाटला विकली. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी व्हिएन्नातच त्यांचा मृत्यू झाला, तोही वृश्चिक राशीतच. आता त्याच चिन्हाखाली विजेवर चालणारी आबार्ट ५००ई मिळते. तिला एक्झॉस्ट नाही. तिच्यात बाहेरच्या बाजूला ध्वनियंत्र बसवले आहे, आणि ते पेट्रोल इंजिनाच्या जुन्या आबार्टची गुरगुर ऐकवते. दरम्यान युरोपात कायदाही उलट्या दिशेने वळला आहे. विजेच्या गाड्या फार शांत, पादचाऱ्यांना चाहूल लागत नाही, म्हणून कमी वेगात त्यांनी आवाज केलाच पाहिजे असा नियम २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. घोडे बुजू नयेत म्हणून दाबलेला आवाज आता माणसे दचकू नयेत म्हणून परत आणला जात आहे. नळी गेली, आवाज किती आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न मागे राहिला आहे.